नवऱ्याची लेक

माझा नवरा माझा बाप आहे, हे मला रविवारी दुपारी हॉलंडात, झूटरमेरला लेकीच्या घरी, हातात गरम वड्यांचं ताट असताना कळलं. जेवणाच्या टेबलावर कॅरलने एक भलामोठा जाड कागद उलगडला होता आणि तो परत गुंडाळला जाऊ नये म्हणून त्यावर मिठाची बाटली, चटणीचा डबा, जुईचा चष्मा आणि शैलेंद्रचा फोन असं मिळेल ते ठेवलं होतं. कॅरल म्हणजे जुईची सासू. सातवा महिना लागलेल्या सुनेला बघायला आणि येणाऱ्या बाळासाठी केलेला हा वंशवृक्ष दाखवायला ती मिनेसोटाहून मुद्दाम आली होती. अजून सगळं पेन्सिलीने होतं, घरी परत गेल्यावर ती शाईने पक्कं करणार होती. कागदावर उघडलेल्या पंख्यासारखा अर्धगोल, मधोमध बाळासाठी मोकळी जागा, डावीकडे जावयाची, एरिकची माणसं, उजवीकडे आमची. डावी बाजू इतकी गच्च होती की नावांवर नावं चढली होती. स्वीडनमधल्या कुठल्या कुठल्या खेड्यांतले शेतकरी, सुतार, एक घंटा वाजवणारा, आणि मग समुद्र ओलांडून अमेरिकेत पसरलेली त्यांची पोरंबाळं. आमची बाजू विरळ होती. मी ताट एका हातावर तोलून वाचायला लागले. जुई. जुईच्या वर शैलेंद्र आणि पद्मजा. आणि पद्मजाच्या वर, वडिलांच्या चौकटीत, कॅरलच्या शाळामास्तरणीच्या सुबक अक्षरात, परत शैलेंद्र.

सगळ्यात मोठ्याने शैलेंद्रच हसला. "तरीच!" तो म्हणाला, "इतकी वर्षं मी काही सांगायला गेलो की ही ऐकत नाही. बापाचं कोण ऐकतं?" जुई पोट धरून खुर्चीत बसली. "आई, धिस इज सो बॅड. कॅरल, सॉरी, माय फॉल्ट, मी फक्त पासपोर्टचे फोटो पाठवले होते." कॅरल कानापर्यंत लाल झाली होती. तिचं तरी काय चुकलं? जुई शैलेंद्र सबनीस, तर जुईचे वडील शैलेंद्र. शैलेंद्र प्रताप सबनीस, तर त्याचे वडील प्रताप. मग पद्मजा शैलेंद्र सबनीस हिचे वडील कोण? तिच्या स्वीडिश पूर्वजांत हा हिशेब चोख बसायचा. पेरची मुलगी ती पेर्सडॉटर, मेली तरी पेर्सडॉटर. लग्न झालं म्हणून बाईच्या नावामधला बाप उठून जातो आणि त्याच खुर्चीवर नवरा येऊन बसतो, हे त्या बिचारीला स्वप्नात सुचलं नसतं. मीही हसले. हसण्यासारखंच होतं. मग सगळ्यांचं हसू ओसरलं, एरिकने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, आणि मी त्या कागदावर माझ्या वडिलांना शोधायला लागले. विनायक कुठेच नव्हते. मग माझ्या लक्षात आलं की मीही नाही.

मी गाडी शिकवते. उइटहॉर्नला आमच्या दारापुढे जी छोटी पांढरी गाडी उभी असते तिच्या टपावर 'रायस्कोल पद्मजा' अशी पाटी आहे. ड्रायव्हिंग स्कूलला इथे तसंच म्हणतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली एक जादाचा ब्रेक असतो, त्यावर भरवसा ठेवायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. या धंद्याने मला एक खोड लावली आहे. शेजारचा घाबरला की मी शांत होते, आणि सगळं सुरळीत चाललं असलं की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागतो. त्या दुपारी टेबलाखाली तो तसाच चाचपडत होता. कॅरल खोडरबर घेऊन बसली आणि म्हणाली, सांग, तुझे वडील कोण, आणि तुझं जन्माचं नाव काय. मी म्हटलं, विनायक कुंटे. आणि माझं, विशाखा.

"थांब," जुई म्हणाली. "प्रांजली मावशी तुला विशू म्हणते ते म्हणून? मला वाटायचं असंच, पेट नेम. जसं तू मला चिमणी म्हणतेस."

"तुला माहीत नव्हतं?"

"तू कधी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असंच कधी वाटलं नाही. आमच्या वेळी निम्म्या बायकांचं हेच होतं. लग्नात तांदळाच्या ताटात शैलेंद्रने अंगठीने नाव लिहिलं आणि मी मुंडावळ्या बाजूला सारून वाकून वाचलं, कारण मलाही ती बातमीच होती. त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव विशाखा. एका घरात दोन विशाखा म्हणजे हाक मारायची पंचाईत, तेव्हा बदलायचं हे ठरलेलं होतं. कुणाचा दुष्टपणा नव्हता. नाव छान होतं, त्याचं अक्षर वाईट होतं. फोटो झाला, कुणीतरी ताट उचललं, तांदूळ पिशवीत ओतले, आणि मी पद्मजा झाले. संध्याकाळी नव्या घरात कुणी "पद्मजा" म्हणून हाक मारली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले होते. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मीही मान वळवून पाहिलं, कोण ती पद्मजा, ओ का देत नाही.

मग इथे आलो. शैलेंद्रच्या व्हिसावर, त्याच्या मागोमाग, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंदणीला गेलो तर काचेमागच्या उंच मुलीने माझा जन्मदाखला एका हातात आणि पासपोर्ट दुसऱ्या हातात धरून शांतपणे विचारलं, या दोघींपैकी आज कोण आली आहे? ती थट्टा करत नव्हती, इथली माणसं थट्टा करतात तेव्हा आधी हसतात. शेवटी मुंबईहून नोटरीचा कागद मागवला. विशाखा आणि पद्मजा ही एकच व्यक्ती आहे असं त्याने शिक्क्यानिशी लिहून दिलं. शैलेंद्रने सुटकेचा निश्वास टाकला. मला मात्र परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं, त्या नोटरीला काय माहीत? विशाखाला पाण्याची भीती वाटायची. विशाखा रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात धरायची. कालव्याच्या कडेला सायकलवरून खाजकुइलीसारख्या झुडपात पडली ती पद्मजा. पाव विकणाऱ्या बाईशी डच बोलताना रडकुंडीला आली, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेली, ती पद्मजा. गाडीच्या परीक्षेत नापास झाली, परत नापास झाली, आणि मग चिडून इतकी शिकली की लोकांना शिकवायला लागली, तीही पद्मजाच. आणि आता कॅरल सांगत होती की वंशवृक्षाचा नियम असा, बाई ज्या नावाने जन्मली त्याच नावाने लिहायची. नियम चांगला होता. पण मला राग आला. कष्ट पद्मजाने उपसले आणि नाव विशाखाचं लागणार! माझी चौकट तूर्त राहू दे, मी म्हटलं, मला विचार करू दे.

कॅरलला ते कळलं असावं. ती दिसायला धिप्पाड आहे, पण माणसाकडे बघते ती फार हळुवारपणे. तिने डावीकडच्या गर्दीतल्या एका नावावर बोट ठेवलं आणि एक गोष्ट सांगितली. ती माहेरची नेल्सन. नेल्सनांकडे लहानपणापासून सांगत आले होते की आमच्या आजोबांची आजी ब्रिटा नेल्सन स्वीडनहून लोणी घुसळायची रवी उराशी धरून आली, बोटीवर त्या रवीला कुणाला हात लावू दिला नाही. रवी अजून एका चुलतभावाकडे आहे. पण ब्रिटा कुठल्या गावची ते कुणाला ठाऊक नव्हतं. थडग्यावर नुसतं 'मिसेस एन. नेल्सन'. कॅरलच्या आत्याने शोधलं, मग कॅरलने शोधलं, चर्चमधल्या जन्माच्या नोंदी पालथ्या घातल्या. स्वीडनमध्ये ब्रिटा नेल्सन नावाची मुलगी कुठेच जन्मली नव्हती. "आणि जन्मणार कशी?" कॅरल म्हणाली. नवरा निल्सचा मुलगा, म्हणून त्याला अमेरिकेत सगळे नेल्सन म्हणायला लागले, आणि त्याच्यामागून तीही नेल्सन. तिच्या स्वतःच्या वडिलांचं नाव पेर. स्मोलांडातल्या एका लहानशा चर्चमध्ये ती होती, ब्रिटा पेर्सडॉटर, इतकी वर्षं आपल्या जागी स्वस्थ बसलेली. "आम्ही सगळे हुशार लोक," कॅरल म्हणाली, "एका बाईला तिच्या सासऱ्याच्या नावाने हाका मारत होतो, आणि ती ओ देत नाही म्हणून म्हणत होतो, हरवली." पुढे घरच्यांनी त्या थडग्याशेजारी एक लहान दगड बसवला. त्यावर तिचं पूर्ण नाव घातलं. जुना दगड हलवला नाही. का हलवायचा, ती मिसेस नेल्सनही होतीच की.

मला बरं वाटलं. मी एक वडा उचलला. आणि तेवढ्यात कॅरलने सहज, पेन्सिल वर सरकवत विचारलं, "आणि तुझी आई?"

"चित्रा," मी म्हटलं. "चित्रा विनायक कुंटे."

"ते लग्नानंतरचं असेल ना? आधी?"

वडा माझ्या हातात राहिला. आईचंही बदललं होतं एवढं मला माहीत होतं. काय होतं ते माहीत नव्हतं. मी जन्मले तेव्हा ती चित्रा होती, दारावरच्या पाटीत चित्रा होती, लग्नकार्यात उखाण्यात वडील तिचं नाव घ्यायचे ते चित्रा होतं, गेली तेव्हाही दहाव्याला तेच उच्चारलं. ती मला विशू म्हणायची. लग्नानंतर एकदाही तिने मला पद्मजा म्हटलं नाही, जावयासमोरसुद्धा नाही. मी तिला नुसतं आई म्हणायचे, त्यापलीकडे तिचं काही नाव असेल आणि ते विचारायचं असतं, हे डोक्यात आलंच नाही. माझ्या नावाचं मी एवढं मनाला लावून घेतलं, पण माझं विशाखा निदान माझ्या बहिणीच्या तोंडी तरी आहे. आईचं कुणाच्या तोंडी होतं? प्रांजली माझ्याहून धाकटी, तिला विचारून तरी काय कळणार. कॅरलने माझ्याकडे पाहिलं, काही न लिहिता तिथे तुटक रेघांची एक रिकामी चौकट काढली आणि म्हणाली, काही हरकत नाही, मोकळी ठेवू. मला त्या चौकटीकडे बघवेना. बाळ मोठं होईल, या कागदावर बोट फिरवील, डावीकडे निल्सची, पेरची, घंटा वाजवणाऱ्याचीही नावं वाचील, आणि उजवीकडे माझ्या आईपाशी येऊन विचारील, इथे कोणी नव्हतं का?

आणि मग ते आठवलं, म्हणजे अर्धं आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. सांगलीला कुणाचं तरी लग्न, कार्यालयाच्या मागचं स्वयंपाकघर, भाताची वाफ, ओल्या फरशीवर सगळ्यांच्या पावलांचे ठसे. आई मठ्ठ्याचं पातेलं दोन्ही हातांत धरून चालली होती आणि मी तिच्या पदराला धरून. दारातून कुणीतरी अनोळखी बाईने हाक मारली. तिच्या स्वतःच्या मुलीला मारली असणार. आणि माझ्या आईने "ओ!" दिली. केवढ्याने दिली! मी आईचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता, उंच, पातळ, धावत येणाऱ्या मुलीचा. ती गर्रकन वळली आणि मठ्ठा तिच्या हिरव्या साडीवर हिंदकळला. मग तिचा चेहरा रंगला, ती हसली, "मला काय झालं बाई," म्हणाली, आणि पदराने साडी पुसत पुढे गेली. मला सगळं आठवतं. साडीला चिकटलेली कोथिंबीर आठवते. पंख्याची किरकिर आठवते. फक्त त्या बाईने काय हाक मारली ते आठवत नाही. टेबलापाशी बसून मी ते दार उघडत राहिले, बाई दारात यायची, तोंड उघडायची, आणि आवाज नाही. परत मागे जायचे, परत पातेलं, परत पदर, परत दार. जुई म्हणाली, "आई, आर यू ओके?" तिने हळूच एरिकला काहीतरी सांगितलं आणि त्याने माझ्यापुढे पाणी ठेवलं. शैलेंद्रने कागदावरचा आपला फोन उचलून माझ्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "बाळासाहेबमामांना लाव ना फोन. तिकडे आता दिवेलागणीची वेळ. जागे असतील."

आईच्या माहेरचं आता तेवढंच एक माणूस उरलं आहे. तिचा धाकटा भाऊ, तासगावला, ऐकू कमी येतं, गोष्टी एकात एक मिसळतात. मी फोन स्पीकरवर ठेवला. मामांची सून शलाका आधी आली, मग बराच वेळ खुर्ची सरकवल्याचे आवाज.

"कोण? विशू होय? हॉलंडची?"

"होय मामा. मामा, एक विचारायचं होतं. आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"ताई."

"ताई तुम्ही म्हणायचात. खरं नाव?"

"ताईच म्हणायचो आम्ही सगळी. थोरल्या बहिणीचं नाव कोण घेतंय? आणि लग्न झाल्यावर चित्रा केलं की. तुझ्या वडिलांनी."

"त्याच्या आधीचं, मामा. घरी मोठी माणसं काय म्हणायची?"

मामा म्हणाले, "आई पोरी म्हणायची. नाना बाळ म्हणायचे." आणि थकल्यासारखे, "आता काय ध्यानात राहत नाही बघ." पलीकडे शलाका हळूच म्हणाली, ताई, त्यांना फार ताण देऊ नका. कॅरलला शब्द कळत नव्हते, पण तिने पेन्सिल खाली ठेवली. मी आता फोन ठेवणार होते, आणि तेव्हा माझा पाय टेबलाखाली थांबला. मामा घाबरले होते, जणू शेजारच्या सीटवर बसलेले, आणि मी शांत झाले. शिकणारा गांगरला, त्याला वाट आठवेना, की मी त्याला वाट विचारत नाही. वळणावर काय दिसतं ते विचारते.

"मामा," मी म्हटलं, "तिन्हीसांजेला आई कुठं असायची?"

"कुठं म्हंजे? ओढ्याकडं. चिंचेवर चढून बसायची, कायम." आवाज एकदम जवळ आला. "आणि आई मला पिटाळायची, जा, बोलावून आण म्हणून."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करायचं? अंधारात ओढ्यापर्यंत कोण जातंय? परसदारी उभं राहायचं आणि हाक मारायची."

"ताई म्हणून?"

"ताई म्हणून कसं चालेल?" मामा माझ्या अडाणीपणावर हसले. "ओढ्यावर सगळ्यांच्याच ताया. एक हाक मारली तर धा जणी वळायच्या. नाव घेऊनच मारायची. आणि घरात आली की नाव घेतलं म्हणून टपली खायची."

"कशी मारायचात? मारून दाखवा."

"आता? ही शलाका घाबरंल."

"मारा हो मामा."

त्यांनी श्वास घेतला तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. खोकले. आणि मग त्या फोनमधून, चटणीच्या डब्याशेजारून, एक म्हातारा आवाज पोरगेला होऊन उठला, "अनसूऽऽ! ए अनसूऽऽ! अनसूयेऽऽऽ!" आणि सांगलीच्या कार्यालयातल्या त्या बाईने दारात तोंड उघडलं आणि हेच नाव तिच्या तोंडून आलं, मठ्ठा हिंदकळला, कोथिंबीर साडीला चिकटली. हाक संपली. पलीकडे मामा नुसते वाट बघत राहिले, परसदारी उभं राहून बघावी तशी. इतक्या वर्षांत त्या हाकेला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, उंच, पातळ, माझा नसलेला आवाज.

"ओ!"

मग मामा म्हणाले, "कुठं होतीस गं इतका वेळ?"

"इथंच होते," मी म्हटलं. "आलेच."

ते हसले की रडले मला सांगता येणार नाही. शलाकाने फोन घेतला आणि म्हणाली, ताई, ते खूश आहेत, आता गोळ्या देते, उद्या परत करा. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. जुई उठून माझ्या मागे आली, तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, "अनसूया. माझी आजी अनसूया." मग थांबून, "तिला चिंचा आवडायच्या?" मी म्हटलं, "झाडावर बसून खायला. तुझ्यासारखंच." तिने आठवडाभर चिंचेचा कोळ चाटून संपवला होता ते सगळ्यांना माहीत होतं.

कॅरलने पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या तुटक रेघांच्या चौकटीत मी आधी देवनागरीत लिहिलं, अनसूया, आणि त्याच्या खाली, चित्रा. तिने ते बघून बघून इंग्रजीत उतरवलं आणि दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरंच जमलं. मग तिने माझ्या चौकटीवर पेन्सिल नेऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, दोन्ही घाल. विशाखा वर, पद्मजा खाली, आणि अक्षर दोघींचं सारखंच मोठं. शैलेंद्र म्हणाला, "आणि माझं काय?" कॅरलने खोडरबर उचललं, माझ्या डोक्यावरचा शैलेंद्र पुसून तिथे विनायक लिहिलं, कागदावरचा चुरा फुंकरीने उडवला, आणि शेजारचा शैलेंद्र होता तसाच राहू दिला.